मोरीतून येणारे साप: माझा अनुभव

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमचे तळमजल्याचे घर आहे आणि गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत दोनदा मोरीत साप निघाला. परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या शेजारच्या काकांनी छऱ्यांच्या काडतुसाचा उपाय सुचवला. परंतु रिव्हॉल्व्हरच्या आटे (आतून पीळदार खाचा) पाडलेल्या नळीतून सुटलेले छरे काही फुटांतच विखुरतात, लादीवरून उसळून ते कोणाला लागतील याचा नेम नाही, शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार साप मारणे हा गुन्हा आहे. मी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. आलेल्या सर्पमित्राने धामण पिशवीत घेतली आणि थेट मोरीच्या जाळीकडे बोट दाखवले: तिचा एक कोपरा गंजून गळून पडला होता व शेजारी उंदरांच्या लेंड्या होत्या. साप उंदरांमागे येत होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग मी स्टीलची बारीक जाळी सिमेंटमध्ये पक्की बसवली, दाराखाली रबरी पट्टी लावली (मण्यार बोटभर फटीतूनही शिरते), भिंतीलगतचा फुटक्या लाद्यांचा ढीग हलवला आणि कुत्र्याचे अन्न रात्री बाहेर ठेवणे बंद केले. यंदा श्रावण सरला तरी मोरीत काही निघालेले नाही. काका अजून थोडे नाराज आहेत.