स्टॅन्लेचे दप्तर वाचायचे कसे?

पेशवे दप्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. बखरीत जो प्रसंग पानभर रंगलेला असतो, त्याच प्रसंगाचे अस्सल पत्र हाती आले की त्यात बहुधा घोड्यांचा दाणा, थकलेला रोजमुरा आणि पावसाची तक्रार निघते. आफ्रिकेचा प्रवासी आणि वार्ताहर हेन्री मॉर्टन स्टॅन्ले याच्या खासगी कागदपत्रांकडे जाताना हा अनुभव गाठीशी असलेला बरा. फरक इतकाच, की येथे बखर लिहिणारा आणि अस्सल टिपण लिहिणारा माणूस एकच आहे आणि या दोहोंच्या मधल्या पायऱ्यांचे कागदही त्याने बऱ्याच अंशी सांभाळून ठेवले आहेत. म्हणून हे दप्तर वाचण्याची रीत थोडी वेगळी आहे, आणि ती आधी ठरवून घेतली नाही तर माणूस कागदांच्या ढिगात हरवतो.

स्टॅन्लेचा जन्म १८४१ मध्ये वेल्समधील डेन्बी येथे झाला. त्याचे मूळ नाव जॉन रोलंड्स. बालपण गेले सेंट असफच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसात. अमेरिकेत जाऊन त्याने नाव बदलले, ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा वार्ताहर म्हणून तो १८७१ मध्ये टांगानिका सरोवराकाठी उजिजी येथे बेपत्ता समजल्या जाणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशापर्यंत पोहोचला आणि १८७४ ते १८७७ या काळात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघून काँगो नदीच्या मुखापाशी बाहेर पडला. १८७९ पासून पाच वर्षे त्याने बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्यासाठी काँगोकाठी ठाणी वसवली. १८८७ ते १८८९ या काळात त्याने दक्षिण सुदानात अडकलेल्या इजिप्तच्या सुभेदाराच्या, एमिन पाशाच्या, सुटकेची मोहीम नेली. शेवटी तो राजकारणात उतरला. १८९२ च्या निवडणुकीत हरला, १८९५ मध्ये लंडनच्या नॉर्थ लॅम्बेथ मतदारसंघातून लिबरल युनियनिस्ट पक्षातर्फे निवडून आला आणि १९०० पर्यंत खासदार राहिला. १९०४ मध्ये त्याचे निधन झाले. अभ्यासकाने हे टप्पे एका कागदावर लिहून तो कागद कायम समोर ठेवावा, कारण कोणताही कागद हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: हे लिहिताना स्टॅन्ले कोण होता? पगारी वार्ताहर, राजाचा नोकर, की मते मागणारा उमेदवार?

हे दप्तर ब्रुसेल्सला लागून असलेल्या तेर्व्युरेन या गावी, मध्य आफ्रिकेच्या राजेशाही संग्रहालयात आहे. स्टॅन्लेच्या वारसांकडून ते बेल्जियमकडे आले. मालकी किंग बोदुअँ फाउंडेशनची आणि जतन संग्रहालयाचे, अशी व्यवस्था आहे. एकंदर सुमारे ७००० बाबींचा हा संग्रह असून त्यात टिपणवह्या, रोजनिशा, पत्रे, पुस्तकांचे खर्डे, व्याख्यानांची टिपणे, हिशेब, नकाशे, छायाचित्रे आणि वृत्तपत्रांची कात्रणे असे सारे आहे. संग्रहालयाने केलेली सविस्तर इंग्रजी सूची संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ती एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढावी आणि मगच दुसऱ्या वाचनात हव्या त्या क्रमांकांवर खुणा कराव्यात. हा सल्ला कंटाळवाणा वाटेल, पण सूचीत एकाच प्रवासाचे कागद टिपणवही, पत्रे आणि खर्डे अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले असतात. शोधचौकटीत एक शब्द टाकून मिळालेल्या दहा नोंदींवर विसंबलेल्या माणसाला त्यांची एकमेकांशी असलेली नाती दिसत नाहीत. सूची वाचून झाल्यावर संग्रहालयाला पत्र लिहून भेटीची वेळ, कागद हाताळण्याचे नियम आणि छायाचित्रे घेण्या-छापण्याच्या अटी विचारून घ्याव्यात. भारतातून जाणाऱ्याने व्हिसासाठी लागणाऱ्या निमंत्रणाचा विषयही याच पत्रात काढावा. वाचनकक्षात शिसपेन्सिल न्यावी, शाईचे पेन खिशातही ठेवू नये.

आता मुख्य रीत. स्टॅन्लेच्या प्रवासातला कोणताही मोठा प्रसंग आपल्याला साधारण पाच ठिकाणी सापडतो: चालता चालता लिहिलेल्या छोट्या टिपणवहीत, मुक्कामी लिहिलेल्या रोजनिशीत, वृत्तपत्राला पाठवलेल्या बातमीपत्रात, परत आल्यावर काही महिन्यांत तयार केलेल्या पुस्तकात, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये पत्नीने संपादित करून छापलेल्या आत्मचरित्रात. अभ्यासकाने मोठ्या कागदावर पाच रकाने आखावेत, एका ओळीत एकच दिवस घ्यावा आणि त्या दिवसाबद्दल प्रत्येक ठिकाणी काय लिहिले आहे ते स्टॅन्लेच्याच शब्दांत उतरवावे. अर्थ लावण्याची घाई करू नये. प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर त्या लेखनाचा वाचक कोण होता ते लिहावे: टिपणवहीचा वाचक तो स्वतः, बातमीपत्राचा वाचक थरार मागणारा अमेरिकन ग्राहक, पुस्तकाचा वाचक लंडनचा प्रतिष्ठित गृहस्थ, आत्मचरित्राचा वाचक म्हणजे पुढची पिढी. आठ-दहा दिवसांच्या ओळी भरल्या की रकान्यांमधले फरक आपोआप डोळ्यांत भरू लागतात. उदाहरणार्थ, १७ नोव्हेंबर १८७४ रोजी पूर्व किनाऱ्यावरच्या बागामोयोहून निघालेल्या काफिल्यातील माणसांची संख्या पुस्तकात रोजनिशीपेक्षा बरीच मोठी आहे.

सरावासाठी व्हिक्टोरिया सरोवरातील बुम्बिरे बेटाचा प्रसंग घ्यावा. एप्रिल १८७५ मध्ये अन्नाच्या शोधात तेथे लागलेली स्टॅन्लेची नाव बेटावरच्या लोकांनी ओढून किनाऱ्यावर घेतली, वल्ही काढून घेतली, आणि तो गोळीबार करत निसटला; ऑगस्टमध्ये तो मोठ्या ताफ्यासह परत गेला आणि होड्यांतूनच किनाऱ्यावरच्या भालेकऱ्यांवर बंदुका झाडल्या. त्याने स्वतःच ही हकीकत वृत्तपत्रांना पाठवली, ती छापून आली आणि ब्रिटनमध्ये तिच्यावर कडक टीका झाली. मृतांचे आकडे, वापरलेली विशेषणे आणि हल्ल्याचे समर्थन हे तिन्ही प्रत्येक रकान्यात वेगवेगळे तपासावे. काही अभ्यासकांच्या मते स्टॅन्लेने बातमीपत्रात हिंसा फुगवून सांगितली. तसे असेलही, पण फुगवलेला आकडा खोटा ठरला म्हणून गोळीबार निर्दोष ठरत नाही, आणि वृत्तपत्र खपावे म्हणून माणसे मारल्याचा आकडा वाढवणारा लेखक हा पुराव्याचा स्वतंत्र विषय आहे. रकान्यांच्या खाली आपले मत लिहिण्यासाठी वेगळी जागा ठेवण्याचे कारण हेच.

जेथे रकाना रिकामा राहतो तेथे अधिक थांबावे. लिव्हिंगस्टनच्या भेटीचे ‘डॉ. लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?’ हे प्रसिद्ध वाक्य स्टॅन्लेच्या बातमीपत्रात आणि पुस्तकात आहे. त्याच्या रोजनिशीतून मात्र त्या भेटीचे पान फाडलेले आहे, आणि लिव्हिंगस्टनच्या नोंदींत ते वाक्य येत नाही. तारखेचेही तसेच. स्टॅन्ले १० नोव्हेंबर १८७१ सांगतो, तर लिव्हिंगस्टनच्या मोजणीने भेट ऑक्टोबर अखेरची ठरते. तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या दिवसगणतीत अशी गफलत होणारच, म्हणून अशा ठिकाणी दोन्ही तारखा नोंदवाव्यात आणि ‘स्टॅन्लेच्या गणनेनुसार’ असे शब्द सोबत ठेवावेत. फाटलेल्या पानाबद्दल तर्क करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. परंतु नोंदीत ‘पान नाही’ इतकेच लिहावे. कोणी फाडले हे कागद सांगत नाही.

टिपणवह्यांतली भाषा इंग्रजी असली तरी अनेक शब्द किनाऱ्यावरच्या व्यापाराचे आहेत, म्हणून सोबत एक छोटा कोश करून घ्यावा. ‘पगाझी’ म्हणजे ओझेवाला, ‘अस्करी’ म्हणजे शिपाई, ‘होंगो’ म्हणजे आपल्या मुलखातून जाऊ देण्यासाठी स्थानिक प्रमुखाने घेतलेली जकात. कापडाचे माप ‘शुक्का’ दोन वारांचे आणि ‘दोती’ चार वारांचे, हा शब्द वाचताना मराठी कानाला धोतर आठवल्याशिवाय राहत नाही. ‘फ्रासिला’ हे वजन ३५ पौंडांचे. ‘मेरिकानी’ म्हणजे अमेरिकेहून येणारे जाडेभरडे कोरे कापड आणि ‘कनिकी’ म्हणजे हिंदुस्थानातून येणारे निळे कापड. हे कापडच वाटेवरचे चलन होते. त्यामुळे हिशेबाची पाने उलटून पुढे जाऊ नये. कोणत्या गावी किती दोती होंगो गेला, घासाघीस किती दिवस चालली आणि त्यानंतर त्या प्रमुखाबद्दल स्टॅन्लेने कोणती विशेषणे वापरली, हे शेजारी शेजारी ठेवले तर पुस्तकातल्या ‘लोभी’ आणि ‘उदार’ माणसांचे गणित उलगडते.

नावांच्या बाबतीत आपल्याकडच्या वाचकाला एक सापळा आहे आणि एक सोय आहे. सापळा ‘बॉम्बे’ या शब्दाचा. पहिल्यांदा हे साहित्य वाचताना बॉम्बे आजारी पडले, बॉम्बेने उत्तर दिले नाही, अशा अर्थाची वाक्ये पाहून मी काही काळ चक्रावून गेलो होतो. तो सिदी मुबारक बॉम्बे. लहानपणी गुलाम म्हणून पकडून हिंदुस्थानात आणलेला, पुढे मुक्त होऊन आफ्रिकेत परतलेला, बर्टन आणि स्पीक या ब्रिटिश प्रवाशांचा वाटाड्या आणि १८७१ च्या मोहिमेत स्टॅन्लेच्या शिपायांचा नायक. स्टॅन्ले त्याच्यावर वारंवार चिडतो. त्याच वेळी शहर असलेली बॉम्बेही या कागदांत येते, कारण स्टॅन्ले इराणमार्गे मुंबईला येऊन १२ ऑक्टोबर १८७० रोजी ‘पॉली’ या शिडाच्या जहाजाने मॉरिशसकडे निघाला आणि ६ जानेवारी १८७१ ला झांझिबारला उतरला. म्हणून प्रत्येक ‘बॉम्बे’समोर माणूस की शहर अशी खूण करावी. सोय अशी, की झांझिबारमधल्या कच्छी आणि खोजा व्यापाऱ्यांची नावे इंग्रजी कानाने कशीही लिहिलेली असली तरी आपल्याला ती ओळखता येतात. तर्या टोपणसारखा धनाढ्य व्यापारी युरोपीय अभ्यासकाला तळटीपेतला माणूस वाटतो, आपल्याला त्याच्या पेढीचे स्वरूप समजते.

पत्नी डोरोथी टेनंट हिचा हात कोठे कोठे फिरला आहे, हे ओळखणे हे या दप्तरातले सर्वांत नाजूक काम होय. नवऱ्याच्या मागे तिने त्याचे कागद लावले, आत्मचरित्राचा अपुरा राहिलेला भाग रोजनिशांतून आणि पत्रांतून भरला आणि त्याची प्रतिमा सांभाळली. तिच्यावर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही, मात्र आत्मचरित्रातील प्रत्येक विधानाला बाहेरचा आधार शोधावा. आत्मचरित्रानुसार न्यू ऑर्लिन्समध्ये स्टॅन्लेला मुलगा मानणारा व्यापारी १८६१ मध्ये क्यूबात वारला. हेन्री होप स्टॅन्ले नावाचा तो व्यापारी प्रत्यक्षात १८७८ पर्यंत जिवंत होता. बालपणाचा भाग वाचताना हे उदाहरण विसरू नये.

राजकीय काळाचे कागद त्या मानाने कोरडे आहेत आणि त्यांवर फार दिवस घालवू नयेत, असे माझे मत आहे. नवऱ्याने पुन्हा आफ्रिकेत जाऊ नये म्हणून डोरोथीने त्याला उमेदवारीसाठी गळ घातली, आणि ब्रिटिश लोकसभागृहातली जागरणे व लांबलेली भाषणे त्याला मानवली नाहीत. तेथील त्याची भाषणे हॅन्सार्डच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या अहवालाच्या, खुल्या संकेतस्थळावर नावाने शोधून वाचता येतात. ती आधी वाचून मग त्याच तारखांची घरगुती पत्रे पाहावीत. काँगोतील अत्याचारांच्या बातम्या ब्रिटनमध्ये पोहोचू लागल्या तो काळ हाच, तेव्हा लिओपोल्डबद्दल तो जाहीर काय बोलतो आणि खासगीत काय लिहितो, एवढा एकच धागा धरून हा भाग चाळला तरी पुरते.

एकाच दप्तरावर भिस्त ठेवू नये. आपल्या खासगी अमलाखालच्या काँगोचा कारभार बेल्जियम सरकारकडे सोपवण्यापूर्वी १९०८ मध्ये लिओपोल्डने कागदपत्रांचा मोठा भाग जाळून टाकला, त्यामुळे १८७९ ते १८८४ या वर्षांसाठी तेर्व्युरेनमधील कागद अधिकच मोलाचे ठरतात आणि पडताळा मात्र अवघड होतो. एमिन पाशा मोहिमेचा पैसा उभा करणारा विल्यम मॅकिनन याचे कागद लंडनच्या सोआस या संस्थेत आहेत. पहिल्या मोहिमेच्या काळासाठी तर परदेशी जाण्याआधी मुंबईतच काम करता येते. झांझिबारमधील ब्रिटिश एजंट तेव्हा मुंबई सरकारला जाब देत असे, म्हणून काळा घोड्यानजीक एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात राजकीय विभागाची दप्तरे मागवावीत. शोध मात्र ‘झांझिबार’ या नावाने आणि वर्षवार करावा, कारण स्टॅन्लेने आपला खरा हेतू तेथे गुप्त ठेवला होता आणि एजंट जॉन कर्कला रुफिजी नदीचे निमित्त सांगितले होते.

त्याबरोबर नाशिकचा धागाही हाताळावा. शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत होती. त्यांतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये स्टॅन्लेने झांझिबारहून लिव्हिंगस्टनकडे पाठवलेल्या तुकडीत होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइट आणि स्टॅन्ले दोघेही होते. वेनराइटची स्वतःच्या हातची रोजनिशी स्कॉटलंडमधील ब्लँटायरच्या संग्रहालयात असून ‘लिव्हिंगस्टन ऑनलाइन’वर ती वाचता येते. पाच रकाने आखताना १८७३-७४ या वर्षांपुरता सहावा रकाना तिच्यासाठी सोडावा.