फोन चालू होत नाही? मग निदान या चुका तरी करू नका

ओळखीतल्या सगळ्यांचे बिघडलेले फोन शेवटी माझ्याकडे येतात. दुरुस्ती हा माझा धंदा नाही, खोड आहे. 'मेला' म्हणून हातात दिलेल्या फोनांपैकी बरेचसे मेलेले नसतात. काही उपाशी असतात, काहींचा नुसता डिस्प्ले गेलेला असतो. काही खरंच मेलेले असतात, पण तेही मालकाने उपचार सुरू केल्यानंतर.

पाच मिनिटांत निकाल

फोन चार्जरला लावायचा, पाच मिनिटं टक लावून बघायचं, काही दिसलं नाही की काढायचा. मग दुसरी केबल, परत दोन मिनिटं, मधेमधे पॉवरचं बटण दाबणं चालूच. अहो, जरा दम धरा! लिथियम-आयन बॅटरी पार उतरली की चार्जिंगचं सर्किट तिला एकदम पूर्ण करंट देतच नाही. साधारण ३ व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलला आधी अगदी बेताबेताने करंट देऊन वर आणलं जातं, आणि नेहमीचं चार्जिंग त्यानंतर सुरू होतं. तोवर स्क्रीनवर बॅटरीचं चित्र दाखवण्याइतकीही ताकद फोनमध्ये नसते. त्यात तुम्ही बटण दाबून फोन उठवायला गेलात, की जमलेलं थोडंफार चार्जिंग त्या प्रयत्नातच संपतं.

मी फोन भिंतीवरच्या सॉकेटला लावतो आणि अर्धा तास त्या खोलीतच जात नाही. कपाटात कित्येक महिने पडून असलेला फोन असेल तर त्याहून जास्त. लॅपटॉपला लावू नका. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेल्या हिशोबाने जेमतेम ०.५ अँपिअर मिळतो. आणि तोच चार्जर, तीच केबल दुसऱ्या चालू फोनला लावून बघा. एवढी साधी गोष्ट कोणी करत नाही. केबलच गेलेली असते आणि लोक नव्या बॅटरीची चौकशी करत फिरतात.

'हार्ड रिसेट'

यात दोष माझाही आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मामेबहिणीचा फोन संध्याकाळी अचानक काळा पडला. तिने फोन केला तेव्हा मी घाईत होतो. म्हटलं, "हार्ड रिसेट कर, होईल चालू." मला म्हणायचं होतं, बटणं दाबून धरून जबरदस्तीने रीस्टार्ट कर. पण याच नावाने लोक फॅक्टरी रिसेटलाही, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करण्यालाही, ओळखतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तिने कुठलासा व्हिडिओ शोधला, त्यात सांगितलेली बटणं दाबली आणि रिकव्हरीचा मेनू, म्हणजे फोन नीट सुरू होत नसेल तेव्हासाठीची यादी, आला.

खरं तर तिथेच काम झालं होतं. मेनू दिसतोय म्हणजे स्क्रीन ठीक, बटणं ठीक, बॅटरीत जीव आहे. पहिलीच ओळ होती 'रिबूट सिस्टम नाऊ'. ती निवडली असती तर बहुतेक फोन जसाच्या तसा सुरू झाला असता. पण व्हिडिओवाला म्हणाला खाली जा, म्हणून ती आवाजाच्या बटणाने एकेक ओळ खाली गेली आणि 'वाइप डेटा'वर थांबली. फोन अगदी झकास सुरू झाला. कोरा. लेकीने टाकलेल्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ त्यात होता, बॅकअप नव्हता. आताच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे नंतर 'रिकव्हर करून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्यातही अर्थ नव्हता.

तेव्हापासून मी 'हार्ड रिसेट' हा शब्दच वापरत नाही. कुठली बटणं, किती वेळ, हे बोटं मोजून सांगतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, दहा ते वीस सेकंद. गूगलच्या पिक्सेल फोनवर नुसतं पॉवर, ३० सेकंद. लोक तीन सेकंदांत सोडतात आणि म्हणतात, करून पाहिलं. आयफोन ८ पासून पुढे आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. तिन्ही एकदम आवळायची नाहीत. आयफोन लोगोवरच अडकला आणि कॉम्प्युटरला जोडायची वेळ आली, तर 'रिस्टोअर' नव्हे, आधी 'अपडेट'. अपडेटमध्ये डेटा पुसला जात नाही.

काळी स्क्रीन म्हणजे बंद फोन नव्हे

दुसऱ्या फोनवरून त्यावर रिंग द्या. वाजला किंवा थरथरला, तर गेलाय तो डिस्प्ले. एलसीडी स्क्रीन असेल तर अंधारात तिच्यावर टॉर्च तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर नुसती बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा दिवा, गेली आहे.

टाचणी

प्लग पूर्ण आत बसत नसेल तर पोर्टमध्ये खिशातल्या धाग्यांचा लगदा दाबून बसलेला असतो. तो काढायलाच हवा, पण टाचणीने नाही! टाइप-सीच्या मधोमध पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना संपर्काच्या पट्ट्या. एका झटक्यात ती वाकते. मी लाकडी टूथपिक वापरतो, फोन बंद ठेवून, कडेकडेने, टॉर्चच्या उजेडात. लगदा बाहेर आला की समाधान वाटतं ते वेगळंच.

बाकीच्या, पटापट

भिजलेला फोन 'चालू होतो का बघू' म्हणून चार्जरला लावणं. ओलाव्यातून वीज गेली की आतले सांधे गंजायला लागतात.

तांदळाचा डबा. २०२४ मध्ये खुद्द ॲपलने सांगितलं की तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात. हेअर ड्रायरही नको.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणं. आत दव धरतं. सावलीत ठेवा, आपोआप निवेल.

मागचं झाकण फुगून वर आलंय आणि ते दाबून बसवणं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. इथे माझी खोडही संपते. असा फोन मी उघडत नाही, सरळ जाणकाराकडे पाठवतो.

आणि कव्हर न काढता निदान करणं. एक फोन माझ्याकडे आला, सारखा चालू-बंद, चालू-बंद. मालकाला कोणीतरी मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं होतं. नवं जाड कव्हर पॉवरच्या बटणावर रुतलं होतं. कव्हर काढलं, फोन सुरू झाला. मालक म्हणाला, "पण मग मदरबोर्डचं काय?"