मेंटरिंग उपक्रम चालवायचा? आधी जोड्या नीट लावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची आयटीआय-डिप्लोमा झालेली आपली मुलं कामाला कुठे कमी नाहीत. अडतं ते ओळखीपाशी. त्यासाठी १२ आठवड्यांचा मेंटरिंग उपक्रम पुरतो, म्हणजे कामात मुरलेल्या माणसाने (मेंटरने) नव्या मुलाला वाट दाखवायची. एक मुलगा-एक मेंटर अशा आठ-दहा जोड्या, पंधरवड्याला तासभर, एकूण ६ भेटी. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगून टाका.

खरी कसोटी जोड्या लावताना. "मोठं नाव आणा, मुलांना प्रेरणा मिळते," असं सगळे सांगतात. अजिबात ऐकू नका. मी ऐकलं आणि खानापूरकडच्या एका डिप्लोमावाल्याला उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीमालकांकडे पाठवलं. माणूस मनाचा मोठा, पण त्या दिवशी कास्टिंगचा लॉट परत आलेला, फोन थांबेना. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून "हो सर, हो सर" करत राहिला, हातातल्या चहावर साय धरली. दुसऱ्या भेटीला तो गेलाच नाही. चूक माझी होती.

मेंटर मुलाच्या पाच-सात वर्षंच पुढे असावा. पहिल्या इंटरव्ह्यूत घशाला पडलेली कोरड त्याला अजून आठवत असते. मुलाला कन्नड येत नसेल, तर कामावर लागल्यावर कन्नड शिकलेला मराठी मेंटर मुद्दाम शोधा. ती भीती त्यालाच कळते. काका-मामा नकोत, मुलाचा साहेब तर नकोच. त्यांच्यापुढे "मला हे जमत नाही" असं कुणी म्हणत नाही.

जोडी ठरवण्याआधी दोघांकडून एकेक ओळ लिहून घ्या: मुलाला काय हवंय, मेंटर काय देऊ शकतो. "चांगली नोकरी" लिहिलं तर कागद परत द्या. "व्हीएमसी ऑपरेटर आहे, प्रोग्रामिंगकडे जायचंय" हे चालतं (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं, धातू कापायचं मशीन). मग सगळे कागद टेबलावर पसरून जुळवा. दोन भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर कुणाला दोष न देता जोडी बदला.

भेटी ज्या त्या जोडीच्या सोयीच्या जागी होऊ द्यात.

मेंटरकडे नोकरी मागायची नाही, चौथ्या भेटीत दोन ओळखी मागायच्या: एक बेळगावातली, एक कोल्हापूर किंवा पुण्याकडची. मुलाने दोन दिवसांत फोन करायचा आणि काय बोलणं झालं ते मेंटरला कळवायचं. हे कळवणं राहिलं, की तिसरी ओळख मिळत नाही.

ठरल्या तारखेला उपक्रम बंद करा. पुढे बोलायचं की नाही, ते त्या दोघांनी ठरवावं.