संशोधन वाचले, ट्रेनिंगही झाले, वर्गात मात्र फरक नाही? या चुका टाळा

2000 साली गुजरात सरकारने बडोद्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. अशा शाळा शंभरच्या घरात होत्या. दोन वर्षांनी ‘प्रथम’ संस्थेने पाहणी केली, तर फारच थोड्या शाळांत ते वापरले जात होते. मग चौथीच्या मुलांसाठी आठवड्याचे दोन तास ठरले. एका संगणकावर दोन मुले, मुलाच्या पातळीप्रमाणे चालणारे गणिताचे खेळ आणि सोबत बसायला प्रशिक्षण दिलेले एक माणूस, एवढी व्यवस्था केली. त्यानंतर गणिताचे गुण चांगले वाढले. त्याच शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ही होती. वस्तीतलीच एक तरुण मुलगी तिसरी-चौथीतली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसायची. या दोन्ही उपक्रमांवरचा बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांचा निबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना 2019 चे नोबेल मिळाले. आपल्या बडोद्यातल्या सभांमध्ये सयाजीरावांचा 1906 चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा हटकून निघतो, हा अभ्यास मात्र कोणी काढत नाही. असो.

शिकवणी वर्ग, बालवाडी किंवा आरोग्याचे काम चालवणाऱ्या छोट्या संस्था असे संशोधन वाचतात, उत्साहाने सुरुवात करतात आणि चार-सहा महिन्यांत गाडी जुन्या वळणावर येते. बहुतेक वेळा पुढचेच काहीतरी चुकलेले असते.

साहित्य उचलले, व्यवस्था सोडून दिली

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अक्षरकार्डे, गोष्टींची पुस्तके, तक्ते आणायचे आणि मुलांना इयत्तेप्रमाणेच बसवायचे. पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीत मुख्य काम करते ती गटांची फेरमांडणी. पाचवीतल्या ज्या मुलाला अजून शब्द वाचता येत नाहीत, ते तिसरीतल्या शब्दगटात बसते आणि परिच्छेद वाचू लागले की गट बदलते. कार्डे नसली तरी हे जमते, फेरमांडणी नसेल तर कार्डांचा उपयोग नाही.

याचा पुरावाही आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना हेच साहित्य आणि प्रशिक्षण दिले, पण तेवढ्याने फारसे काही हलले नाही. हरियाणात 2012-13 मध्ये दिवसातला एक तास याच कामासाठी राखला, त्या तासापुरती इयत्ता बाजूला ठेवली आणि तालुका पातळीवरचे अधिकारी वर्गात येऊन पाहू लागले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. गणित मात्र तिथेही सुधारले नाही.

म्हणून कोणताही अभ्यास वाचताना निष्कर्षाच्या आधी ‘कार्यक्रम कसा चालला’ तो भाग वाचा. तिथून चार गोष्टी वहीत उतरवा: रोज किती वेळ, कोण शिकवत होते, एका माणसामागे किती मुले, आणि पाहायला कोण येत होते. यातले जे तुमच्याकडे नाही ते आधी मिळवा. मिळत नसेल तर तो कार्यक्रम सध्या तुमच्यासाठी नाही, आणि हे फंडरला स्पष्ट सांगितलेले बरे.

बेनच्या दिवसात जागाच केली नाही

आपल्याकडे वस्तीतल्या कार्यकर्तीला सगळे ‘बेन’ म्हणतात आणि सगळी कामेही तिच्याच गळ्यात पडतात. हजेरी, खाऊ, पालकांच्या भेटी, फोटो, महिन्याचा रिपोर्ट. त्यात तुम्ही नवी पद्धत घातली, तर ती कुठून तरी वेळ काढणार आणि तो मुलांच्याच वेळातून निघणार. नवे काम देताना एक जुने काम काढून घ्या. माझा अनुभव असा की बहुतेक संस्थांत निदान एक रजिस्टर असे असते, जे भरले जाते पण कोणी उघडत नाही. सुरुवात त्याच्यापासून करा.

ट्रेनिंगचेही तसेच. हॉटेलच्या हॉलमधले दोन दिवस झाले की काम झाले असे वाटते. बालसख्यांना दोन आठवडे प्रशिक्षण होते आणि नंतरही पाठबळ होते. पैसे कमी असतील तर हॉल रद्द करा आणि त्या पैशात कोणीतरी दर आठवड्याला वर्गात जाऊन अर्धा तास मागे बसेल, अशी सोय करा. इंग्रजी पुस्तिका देऊ नका. रोज काय करायचे ते गुजरातीत अर्ध्या पानावर लिहा, आणि ते पान बेनलाच लिहायला सांगितलेत तर तिला काय कळले तेही समजते.

दुसऱ्या गावचा उपाय जसाच्या तसा

उदयपूरजवळच्या गावांत ‘सेवा मंदिर’ संस्थेने लसीकरणासाठी प्रत्येक वेळी एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या. पूर्ण लसीकरण झालेली मुले जिथे काहीच केले नव्हते तिथे 6 टक्के होती, नुसत्या शिबिरांच्या गावांत 18 टक्के आणि शिबिरांसोबत डाळ दिली तिथे 39 टक्के. हे ऐकून लोकांना डाळ लक्षात राहते. शिबिर दर महिन्याला ठरल्या दिवशी नक्की भरायचे, ही अर्धी गोष्ट ते विसरतात. तुमच्या वस्तीतल्या आया सकाळी बडोद्याच्या अलकापुरी भागात घरकामाला जात असतील आणि लसीचा दिवस सकाळचाच असेल, तर डाळ वाटून काय होणार? आधी दहा-बारा घरी जाऊन न येण्याचे कारण विचारा.

गाडी अडली तर कुठे पाहायचे

तीन महिन्यांत एकही मूल गटातून हलले नाही, तर चाचणी फक्त सुरुवातीला झाली असेल. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी तोंडी चाचणी मुलामागे काही मिनिटांची असते. ती मधूनमधून घ्या आणि त्याच आठवड्यात गट बदला. निकाल फाइलमध्ये गेला तर चाचणीचा वेळ वाया गेला.

सगळीच मुले झपाट्याने हलली, तर जास्त सावध व्हा. ज्या बेनचा वर्ग आहे तिनेच चाचणी घेतली का, आणि गोष्ट रोजचीच होती का, ते पाहा. दुसऱ्या केंद्रावरच्या बेनला पाठवा, गोष्ट नवी द्या. यात तिच्यावर संशय नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात खरे आकडे मिळायचे नाहीत.

निकाल चांगला आला म्हणून वर्ग बंद करण्याची घाई नको. बडोद्यात कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मागे पडलेल्या मुलांची आघाडी टिकून होती, पण ती उतरून साधारण 0.1 प्रमाण विचलनावर (गुणांमधला फरक मोजायचे एकक) आली होती. त्याआधी, कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षाअखेरीस, बालसखीचा परिणाम 0.28 होता आणि संगणकावरच्या गणिताचा 0.47. तेव्हा पुढच्या वर्षी या मुलांकडे कोण पाहणार, हे ठरवूनच फंडरकडे शेवटचा रिपोर्ट पाठवा.