सिएना ते मोंतोने: टस्कनी-उम्ब्रियात सायकलवर सात दिवस

मी मूळची माणगावची. आमच्या गावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, शाळेत असल्यापासून रोज पाहिलेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, आमच्याच तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा. तो 10 जुलै 1944 ला इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना मारला गेला. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने नावाच्या डोंगरगावात 2023 च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं गेलं. ही बातमी वाचली आणि नवऱ्याला म्हटलं, तिथं जायचं आणि सायकलवर जायचं. नकाशा मोंतोनेपासून उलटा आखत गेले, तेव्हा वाटेत सिएना, पिएंझा आणि त्राझिमेनो तलाव आपोआप आले. हा रस्ता पन्नाशीतल्या, रोजच्या सरावातल्या माणसाला जमतो. तो कसा आखायचा, ते सांगते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या भागात दिवस किलोमीटरवर मोजू नका, चढाच्या मीटरवर मोजा. इथली जुनी गावं संरक्षणासाठी टेकडीच्या माथ्यावर वसलेली आहेत. सिएना 322 मीटरवर, पिएंझा 491 वर, मॉन्तेपुल्चानो 605 वर, आणि मधली खोरी दोन-अडीचशे मीटरवर. म्हणजे सकाळी गाव सोडलं की उतार आणि दिवसभर दमल्यावर मुक्कामाच्या दारात चढ. आपल्याकडे घाट एकदा चढलो की पठार लागतं, इथं तसं नाही. मी घरी एक हिशेब ठरवला होता: प्रत्येक 100 मीटर चढाला 2 किलोमीटर जास्तीचे धरायचे. 30 किलोमीटरच्या वाटेत 500 मीटर चढ असेल तर ती 40 ची वाट समजायची. रोजची बेरीज 60 च्या आत ठेवली, म्हणून गावं बघायला अंगात जोर उरला.

जायचं मे महिन्यात, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये या टेकड्यांवर सावली मिळत नाही आणि 15 ऑगस्टच्या फेरागोस्तो या सणाच्या सुमारास अर्धी दुकानं बंद असतात. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामांचं आरक्षण आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हा मार्ग दिवसवार लिहून अर्जाला जोडा.

सायकल पुण्याहून नेण्याचा विचार आम्ही लवकरच सोडला. विमानासाठी खोकं, ते खोकं तिकडे ठेवायला जागा, परत पॅकिंग, आठवडाभरासाठी एवढा खटाटोप करू नये. सिएनात भाड्याने मिळते. मागताना ‘ग्रॅव्हल’ किंवा ‘ट्रेकिंग’ म्हणा, टायर 38 ते 40 मिलिमीटरचे असू देत, आणि साखळीच्या पुढच्या लहान दातेरी चाकाचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकाच्या दातांइतके किंवा त्याहून कमी आहेत ना, ते स्वतः मोजा. सामान लादून 12 टक्क्यांचा चढ चढायचा तर यात तडजोड नको. गुडघ्यांची तक्रार असेल तर सरळ ई-बाईक घ्या, आम्हाला वाटेत निम्मे लोक त्यावरच दिसले.

ताब्यात घेताना एक गोष्ट नक्की तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे तो बहुतेक डाव्या हाताला असतो. मला हे ऐकून माहीत होतं, तरी सिएनाबाहेरच्या पहिल्याच उतारावर सवयीने डावा हात दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडले नाही, पण पुढचे दोन किलोमीटर हात थरथरत होते. गावाबाहेर पडण्यापूर्वी मोकळ्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक मारायचा सराव करा, किंवा दुकानदाराला तारा अदलाबदल करून द्यायला सांगा. रस्त्याची उजवी बाजू धरायची हे दुसरं. चौकात डावीकडे वळताना आणि गोल चौकात शिरताना मी स्वतःशी मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणत असे. गोल चौकात गाड्या डावीकडून येतात.

गावाबाहेर एकामागोमाग एक चालवायचं, तसा तिथला नियम आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आणि बोगद्यात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. घंटी आणि पुढे-मागे दिवेही लागतात. हेल्मेटची सक्ती नाही, पण घालाच.

पहिला दिवस सिएना ते आशानो, लाउरेताना नावाच्या डांबरी रस्त्याने जवळजवळ 28 किलोमीटर. हा भाग म्हणजे क्रेते सेनेसी, करड्या चिकणमातीच्या टेकड्या. आम्ही गेलो तेव्हा शेतं नुकतीच नांगरलेली होती. नजर जाईल तिथवर ढेकळं आणि मधे एखादं घर, त्याला सरूंची रांग. मला आपल्या मराठवाड्यातली मे महिन्यातली रानं आठवली, फक्त इथं जमीन लाटांसारखी उठलेली. याच टेकड्यांतून ‘स्त्रादे ब्यांके’ म्हणजे पांढरे रस्ते जातात, चुनखडीच्या बारीक खडीचे. त्यांच्यावरून 2007 पासून त्याच नावाची मोठी शर्यत होते आणि ती सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पोत संपते. आशानोजवळचा मॉन्ते सांते मारीचा साडेअकरा किलोमीटरचा पांढरा तुकडा शर्यतीत प्रसिद्ध आहे. सामान लादलेल्या सायकलवर तो करू नका. उतारावर रस्त्याला पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, चाक निसटतं. सोप्या पांढऱ्या रस्त्यांवर हात सैल ठेवा, वजन मागे घ्या आणि वळणाच्या आधी ब्रेक मारून घ्या, वळणात नाही. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी डांबरच. ही माती चाकात अशी भरते की सायकल ढकलताही येत नाही.

मेंढ्यांचा कळप दिसला की उतरा. इथले पांढरे, मोठे राखणदार कुत्रे सायकलच्या मागे धावतात. सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे ठेवून शांतपणे चालत जायचं. आम्ही दोनदा तसं केलं, दोन्ही वेळा ते भुंकून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी आशानोहून मॉन्ते ओलिव्हेतो माज्जोरेच्या मठावरून सान जोव्हान्नी दासो आणि पुढे पिएंझा, साधारण 40 किलोमीटर. हा सगळ्यात कष्टाचा दिवस. मठ 1313 चा, अंगणाच्या चारी भिंतींवर संत बेनेडिक्टच्या आयुष्याची चित्रं आहेत, सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची. दुपारी मठ बंद होतो, म्हणून लवकर निघा. पिएंझात दोन रात्री काढा. पोप दुसरा पायस याने 1459 पासून आपलं जन्मगाव रोसेल्लिनो या वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतलं, ते हे गाव. तटावरून व्हाल दोर्चा, म्हणजे ओर्चा नदीचं खोरं, पूर्ण दिसतं. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून सान क्विरिको आणि बान्यो विन्योनीला जाऊन या. बान्यो विन्योनीत गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंडच आहे. वज्रेश्वरी-उन्हवऱ्याच्या माणसाला ते ओळखीचं वाटेल, पण कुंडात उतरायला मनाई आहे. खाली जुन्या गिरण्यांच्या बाजूला तेच पाणी ओढ्याने वाहतं, तिथं पाय बुडवून बसा.

खाण्याचं वेळापत्रक चुकलं तर उपाशी राहाल, आणि उपाशी पोटी चढ होत नाही. किराणा दुकानं दुपारी एक ते चार बंद. खानावळीची चूल अडीचला विझते, ती साडेसातला पेटते. त्यामुळे सकाळी दहाच्या आत ‘आलिमेंतारी’ म्हणजे किराणा दुकानातून पाव आणि पेकोरिनो चीज बांधून घ्यायचं. टस्कनीचा पाव अळणी असतो, पहिल्या दिवशी नवल वाटतं, मग चीजबरोबर तोच बरा वाटायला लागतो. घाम गेल्यावर मीठ हवं म्हणून मी घरून लिंबाचं लोणचं नेलं होतं, ते शेवटच्या दिवसापर्यंत पुरवलं. शाकाहारी माणसाची इथं अडचण होत नाही. हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी ‘पीची’ मागा, ‘आल्यॉने’ म्हणजे इथल्या मोठ्या लसणाच्या टोमॅटो रश्शात. रिबोल्लिता म्हणजे पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं घट्ट सार. ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, हे मात्र दरवेळी विचारा. चीज अनेकदा वासराच्या पोटातल्या पदार्थाने विरजलेलं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी घरूनच शेंगदाण्याच्या वड्या न्याव्यात. कॉफी गल्ल्यापाशी उभ्याने प्यायली की स्वस्त, बसलात की दर वाढतो. पाण्यासाठी गावोगावी नळ आहेत. ‘नॉन पोताबिले’ म्हणजे ‘पिण्याचं नाही’ असं लिहिलं नसेल तर बाटली भरा.

चौथ्या दिवशी मॉन्तेपुल्चानो चढून उतरलं की डोंगर मागे पडतात आणि कियानाच्या खोऱ्यातून कास्तिल्योने देल लागो गाठता येतं. पिएंझाहून मोठा रस्ता न घेता मॉन्तिकियेल्लोकडून जा, चढ थोडा जास्त पण गाड्या कमी. त्राझिमेनो हा मध्य इटलीतला सगळ्यात मोठा तलाव, पण खोली सहा मीटरच्या आसपास. भोवती सुमारे 60 किलोमीटरची सायकलवाट आहे. पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. पाचव्या दिवशी कास्तिल्योनेहून उत्तरेच्या काठाने तुओरो आणि पासिन्यानो हा 25 किलोमीटरचा तुकडा पुरेसा आहे. दुपारी बोटीने इसोला माज्जोरे बेटावर जाता येतं. तुओरोजवळ इसवी सन पूर्व 217 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने टेकड्या आणि तलाव यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत रोमन सैन्याला गाठलं होतं. ती जागा सायकलवरून जाताना नीट कळते: डावीकडे चढ, उजवीकडे पाणी, पळायला वाटच नाही.

याच बाजूने जीनो बार्ताली जात असे. 1938 ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेला हा फ्लॉरेन्सचा सायकलपटू 1943-44 मध्ये सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्स ते आसिसी फेऱ्या मारायचा आणि सायकलच्या नळीत ज्यूंना नाझींपासून वाचवण्यासाठीची बनावट कागदपत्रं लपवून न्यायचा. 2013 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक संस्थेने त्याचा गौरव केला. मी पासिन्यानोला रात्री माझ्या सायकलची सीटची नळी काढून आत बोट घालून पाहिलं. गुंडाळलेले चार कागद मावतील एवढीच जागा.

सहावा दिवस पासिन्यानो ते मोंतोने, साधारण 40 किलोमीटर. तलाव 258 मीटरवर, कास्तेल रिगोने 653 वर, म्हणजे सकाळीच चारशे मीटर चढ. सिंहगडाचा रस्ता एकदा न थांबता केलेल्याला अवघड नाही. मग तिबेरच्या खोऱ्यात उम्बेर्तिदेपर्यंत लांब उतार, तिथं जेवण, आणि शेवटी पुन्हा मोंतोनेचा चढ, कारण तेही गाव माथ्यावरच. उम्बेर्तिदेलाच पाणी भरून घ्या.

चढताना मी डाव्या-उजव्या उतारांकडे पाहत होते. अशाच एका उतारावर घाडग्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली, बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. त्यांचं नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलं आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले, 5,782 परत आले नाहीत.

मोंतोनेत सूर्यघड्याळाला ‘मेरिदियाना’ म्हणतात, ते विचारलं की लोक वाट दाखवतात. त्याचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ऊन असताना पोचा, म्हणजे सावली दिसेल. उन्हाळी वेळेमुळे सावली मनगटावरच्या घड्याळापेक्षा साधारण तासभर मागे असते. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा गेलो. माणगावात तेव्हा साडेचार वाजले होते, भाऊ पुतळ्यापाशी फोन घेऊन उभा होता. मी इकडचा दगड दाखवला, त्याने तिकडचा हार दाखवला.

परतीसाठी मोंतोनेहून उतरून नदीच्या बाजूबाजूने पेरूजाजवळच्या पोंते सान जोव्हान्नीपर्यंत सायकल, आणि तिथून तेरोन्तोला व क्यूझीला गाड्या बदलत सिएना. सायकल फक्त प्रादेशिक गाडीत न्या, ज्या डब्यावर सायकलचं चित्र आहे त्याच डब्यात. आम्ही गेलो तेव्हा सायकलचं दिवसभराचं तिकीट साडेतीन युरो होतं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारून घ्या, नाहीतर दंड होतो. गाडी बदलायला निदान वीस मिनिटं हातात ठेवा, कारण काही स्थानकांवर पिशव्या उतरवून सायकल जिन्याने न्यावी लागते. आधी पिशव्या खाली, मग सायकल, आणि एकाने सतत सामानापाशी थांबायचं.