जीवाणूंच्या लॅबमधून पालकांच्या घरी : बडोद्यातला अनुभव

एम.एस्सी. संपत आलेली मुलं हल्ली विचारतात, "ताई, जीवाणूंच्या जनुकांवर डिझर्टेशन केलंय, आता ऑटिझमसारख्या विषयाकडे वळता येईल का?" येतं. मी वळले. पण वाटेत काय काय शिकावं लागतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते.

मी दांडिया बाजारात वाढले. घरात मराठी, दारात गुजराती, आणि शिक्षण सयाजीराव विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून केला. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं हे ग्रंथालय अजून तितकंच शांत आहे. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्याही फेलोशिपची चौकशी करा. पैशांबद्दल एवढंच.

आता लॅबबद्दल. माझं पहिलं काम ई. कोलाय या जीवाणूच्या लॅक ऑपेरॉनवर होतं, म्हणजे लॅक्टोज ही दुधातली साखर वापरायला लागणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटावर. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना पाठ्यपुस्तकात एका पानात संपते. लॅक्टोज नसेल तर रिप्रेसर (जनुकं दाबून ठेवणारं प्रथिन) डीएनएला चिकटून बसतो आणि जनुकं बंद. लॅक्टोज आलं की तो सुटतो आणि जनुकं चालू. जनुक चालू झालं की नाही हे बघायला पेशी फोडून ओएनपीजी हे रसायन घालतात. लॅक्टोज फोडणारं एन्झाइम तयार झालं असेल तर नळी हळूहळू पिवळी होते, आधी लिंबासारखी, मग हळदीसारखी. पुरेसा रंग आला की सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवायची, वेळ लिहायची, ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजायचा.

माझ्या नळ्या तीन आठवडे फिक्याच राहिल्या. आयपीटीजी (लॅक्टोजऐवजी जनुकं चालू करायला वापरतात ते रसायन) नवा मागवला, बफर नवा केला, जीवाणू ताज्या प्लेटवर पुन्हा वाढवले. काही फरक नाही. शेवटी एका सीनियरने माझी वही मागितली आणि माध्यमाच्या, म्हणजे जीवाणू ज्यात वाढवतात त्या द्रावणाच्या, कृतीवर बोट ठेवलं. रात्रीच्या कल्चरमध्ये घालायचं ग्लुकोज मी सवयीने सकाळच्या ताज्या माध्यमातही घालत होते. ग्लुकोज असेपर्यंत लॅकची जनुकं नीट जागी होत नाहीत. जीवाणूला "लॅक्टोज आहे का" एवढंच दिसत नसतं, "याहून सोपं खाणं समोर आहे का" हेही तो बघत असतो. मी एकच प्रश्न विचारत होते आणि तो दोन प्रश्नांचं मिळून उत्तर देत होता. त्या दिवसापासून निकाल चुकला की मी आधी माध्यम बघते.

पीएचडीनंतर मी ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांवरच्या एका प्रकल्पात आले. मुलांचं मूल्यमापन इसा या भारतीय मापनश्रेणीवर व्हायचं : ४० मुद्दे, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले तर ऑटिझम. ते काम प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांचंच आहे, लॅबमधून आलेल्याने त्यात हात घालू नये. माझ्याकडे पालकांच्या ताणाची ३६ प्रश्नांची प्रश्नावली आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, अशा दोन गोष्टी होत्या.

पहिल्याच महिन्यात एका घरी गेले. पाच-सहा वर्षांचा मुलगा कपड्यांचे चिमटे जमिनीवर एका ओळीत लावत होता, रंग न मोडता. आई फॉर्म भरत होती आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या. सगळ्या उत्तरांत ताण जवळपास शून्य. गुण एवढे कमी आले की त्यांना खरं मानणं कठीण होतं. या प्रश्नावलीत बचावात्मक उत्तरं ओळखण्याची स्वतंत्र मोजणी असते, ती नवख्यांनी कधी वगळू नये. पण मला त्या गुणांच्या आधीच दिसलं होतं की तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर दाराची किल्ली आहे. निघताना जिन्यात ती म्हणाली, "रात्री तो उठून बाहेर जातो हो. म्हणून कुलूप लावून किल्ली गळ्यातच ठेवते. चार वर्षं झाली, सलग झोप नाही." फॉर्मवर यातलं काही नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. प्रश्न मी चुकीच्या माध्यमात विचारला होता.

त्यानंतर आम्ही आईला आणि वडिलांना वेगवेगळं बसवायला लागलो, आणि प्रत्येक फॉर्मच्या वर खोलीत कोण होतं ते लिहायला लागलो. भाषांतरही बदललं. "पालकत्वजन्य ताण" वाचून आया गप्प व्हायच्या. "जीव मेटाकुटीला येतो का" विचारलं की बोलायच्या. मात्र मनाने शब्द बदलू नका. प्रश्नावलीच्या हक्कदारांची परवानगी घ्या, आणि मूळ न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करून घ्या. बडोद्यात हे मराठी आणि गुजराती दोन्हींत करावं लागतं, कारण बऱ्याच घरांत आई एका भाषेत विचार करते आणि वडील दुसऱ्या.

कॉर्टिसॉलबद्दल एक इशारा. जीवाणूला ३० अंशांवरून ४२ अंशांवर नेलं की काही मिनिटांत हीट-शॉक प्रथिनं (उष्णतेपासून पेशीला सांभाळणारी) वाढतात. ताण दिला, प्रतिसाद आला. हा आराखडा डोक्यात घेऊन मी आयांच्या लाळेत कॉर्टिसॉल वाढलेलं शोधत होते. वर्षानुवर्षांच्या ताणात ते तसं वागतंच असं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलांच्या आयांमध्ये ते इतर आयांपेक्षा कमी आढळलं. शिवाय जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप चढतं. त्यामुळे नमुना कधी घेतला, त्याआधी चहा झाला का, रात्री झोप लागली का, हे नोंदवलं नसेल तर तो आकडा टाकून द्या.

आणि लिहिताना सांभाळा. १९५०-६० च्या दशकांत थंड, अलिप्त आईमुळे मूल ऑटिस्टिक होतं असं डॉक्टरच सांगत होते. १९७७ मध्ये जुळ्यांवरचा अभ्यास आला, त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला, आणि तो आरोप ढासळत गेला. आपल्याकडच्या घरांतून तो अजून पुरता गेलेला नाही. "आईचा ताण आणि मुलाची लक्षणं यांत संबंध आढळला" हे वाक्य आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण घरी ते "तुझ्यामुळेच झालं" असं वाचलं जातं. एका वेळचं मोजमाप आधी काय आणि नंतर काय हे सांगत नाही. तसं त्याच परिच्छेदात लिहा, मर्यादांच्या कोपऱ्यात नको.

नैतिकता समितीची मंजुरी यायला महिने लागतात, म्हणून अर्ज आधी टाका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं संपूर्ण वाचा. सात वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची संमतीही घ्यावी लागते, आणि न बोलणाऱ्या मुलाची ती कशी ओळखायची यावर समितीशी मोकळेपणाने बोला.

किल्लीवाल्या आईकडे मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा सकाळची वेळ होती आणि घरात ती आणि मुलगाच होते. छत्तीस प्रश्नांना दीड तास लागला. मधेच तिने विचारलं, "हे तुम्ही कुणाला सांगणार?" मी सांगितलं, नाव कुठेच येणार नाही. ती म्हणाली, "नाव नको. पण झोपेचं लिहा."