जुनी जीप रुळावर चालवायची तर

जीप रुळावर चढवायची म्हटली की बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. इंजिनाला डांबर काय नि रूळ काय, सारखंच. खरं काम चाकं, पाटे (स्प्रिंगची पानं) आणि ब्रेक यांचं आहे. आणि त्याही आधी गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं.

खान्देशात ब्रॉडगेज १६७६ मिमी, पाचोरा-जामनेरची जुनी 'पीजे' गाडी ७६२ मिमीवर चालायची. जीपच्या डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे तिला ही दोन्ही मापं गैरसोयीची. ब्रॉडगेजसाठी चाक एवढं बाहेर काढावं लागतं की हबचे (चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याचे) बेअरिंग टिकत नाहीत; तिथे ट्रकचा अ‍ॅक्सल बरा. ७६२ साठी अ‍ॅक्सलच कापावा लागतो. १९४४ साली ब्रह्मदेशात जीपना लोखंडी चाकं लावून डबे ओढले, ते मीटरगेजवर, म्हणजे १००० मिमीवर. म्हणून स्वतःच्या शेतात किंवा पर्यटन केंद्रात रूळ टाकणार असाल तर १००० मिमीच धरा. रेल्वेच्या रुळांवर जाण्याचा विचारही नको, बंद पडलेला मार्ग असला तरी. भंगारातले रूळ घेताना लिलावाची पावती जपून ठेवा. १९६६ च्या कायद्याने रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे.

चाकं लेथवर करून घ्यायची. रुळावर टेकणाऱ्या भागाचा व्यास ६०० मिमी, रुंदी १०० मिमी, उतार २० ला १. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर ९३० मिमी. समोरासमोरच्या हबची तोंडं किती अंतरावर आहेत ते मोजा, त्यातून ९३० वजा करा, दोनने भागा. चाकाची पाठ हबच्या तोंडापासून तेवढी आत यायला हवी. आत ९ इंची ब्रेक ड्रम आहे, त्यापलीकडे पाटे. दोन्हींपासून किमान १५ मिमी मोकळी जागा ठेवा आणि ती गाडीत माणसं बसवून मोजा, रिकाम्या गाडीवर नाही. हलक्या रुळांना (मीटरला १५ किलोवाले) फ्लँज (चाकाची आतल्या बाजूची उभी कड) २० मिमीपेक्षा उंच करू नका, नाहीतर प्रत्येक सांध्याला फिशप्लेटवर (रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) आपटतो. बोल्टची भोकं पाच, १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. नटाची बैठक शंकूच्या आकाराचीच हवी. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. पाना लावून जोर काढण्याआधी हे आठवा.

आता एक गोष्ट, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. आगगाडीची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलला घट्ट बसवलेली असतात, म्हणून उतारामुळे जोडी आपोआप मधोमध येते. जीपमध्ये डिफरन्शियल आहे, चाकं वेगवेगळी फिरतात, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. गाडी फक्त फ्लँजच्या आधाराने वळते. म्हणून वळणावर रुळाच्या आतल्या कडेला ग्रॅफाइट ग्रीस लावा, पण माथ्यावर थेंबही नको. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक काढा, टाय रॉडला (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) पट्टी लावून अ‍ॅक्सलला जखडा, टो-इन शून्य, म्हणजे पुढची चाकं अगदी सरळ. अर्धा अंश जरी वाकडं राहिलं तरी एक फ्लँज घासून पातळ होतो. फोर-व्हील ड्राइव्ह काढून टाका: पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासात जरा फरक असला तरी चाकं सतत घसरत राहतात.

सगळ्यात जास्त गाड्या रुळावरून उतरतात त्या आपल्या काळ्या मातीमुळे. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगवटा. एक रूळ उचलतो, दुसरा बसतो, आणि ताठ पाट्यांच्या गाडीचं एक चाक अधांतरी राहतं. रुळाखाली ३०० मिमी माती काढून मुरूम भरा, दोन्ही बाजूंना चर काढा. जीपचा व्हीलबेस २०३२ मिमी, म्हणून दर दोन मीटरवर दोन्ही रुळांची आडवी लेव्हल बघा. दोन मोजमापांत ६ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की खडी ठोकून घ्या. गाडीचीही परीक्षा घ्या: एका चाकाखाली २० मिमीची पट्टी सरकवा, उरलेल्या तिन्ही चाकांखालून कागद ओढून निघता कामा नये. निघाला तर पाटे खोला, गंज काढा, पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरा, तरीही ताठ वाटले तर एक पान कमी करा.

सांध्यातली फट थंडीत रूळ टाकताना ३ ते ४ मिमी ठेवा. ६ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला की पावणेतीन मिमी वाढतो, आणि मे महिन्यात जळगावचं ऊन काही कमी नाही.

ब्रेक तेच, पण पकड वेगळी. ताशी २० किमीवरून कोरड्या रुळावर साधारण ६ मीटरमध्ये थांबता येतं, ओल्यावर १६ मीटर लागू शकतात. रस्त्यावर टायरना सव्वादोन पुरतात. म्हणून पकड वाढवायला मागच्या चाकांपुढे २५ मिमीचे वाळूचे पाइप बसवा. वाळू गिरणा नदीची चालते, मात्र चाळलेली आणि तव्यावर कोरडी केलेली. ओली वाळू पाइपात तशीच अडकून बसते. मूळ टायर ७१० मिमी व्यासाचे होते, त्यामुळे स्पीडोमीटर २० दाखवतो तेव्हा गाडी १७ ने चाललेली असते.

रिव्हर्समध्ये लांब जाणं त्रासाचं. चेसिसखाली तोल साधतो तिथे ५ टनी हायड्रॉलिक जॅक आणि त्यावर थ्रस्ट बेअरिंग बसवलं की दोन माणसं गाडी जागच्या जागी फिरवतात.

पहिला फेरा एकच किलोमीटरचा. उतरून चारही हबला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं आहे. चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि पाच किलोमीटर झाल्यावर परत एकदा.